डोंगर काय करतो? शाईच्या अमूर्त निसर्गचित्रातली रेषा आणि हाताची हालचाल

शाईने निसर्गचित्र करायला बसलं की बहुतेकांचा हात आधी डोंगराच्या कडेवरून फिरतो. डावीकडून चढ, मग शिखर, मग उजवीकडचा उतार. रेषा बरोबर असते, डोंगर ओळखू येतो, तरी कागद निर्जीव दिसतो. मग "अमूर्त करून बघू" म्हणून तीच कड जरा वाकडी केली जाते, वर चार शिंतोडे उडवले जातात. कागद होता तसाच राहतो.

माझी पहिली दोन वर्षं यातच गेली. गाठ सुटली ती एका साध्या प्रश्नाने. डोंगर कसा दिसतो हे बाजूला ठेवून मी विचारायला लागले की डोंगर काय करतो? एखादा रेटतो, एखादा नुसता बसून असतो, एखादा ढासळत असतो, एखादा पाठ वळवून निजलेला असतो. ही क्रिया हाताने करायची आणि हातात कुंचला असायचा, म्हणजे कागदावर उरते ती त्या हालचालीची खूण. अमूर्त शाईचित्रातली जिवंत रेषा मला तरी याच वाटेने सापडली. म्हणून हा लेख सामानापासून वाळलेल्या कागदापर्यंत त्याच क्रमाने लिहिला आहे.

सामान थोडं, पण कागद विचार करून

सगळ्यात मोठा फरक कागदाने पडतो. शाईच्या दृष्टीने कागदाचे दोन स्वभाव असतात, पिणारा आणि न पिणारा.

पिणाऱ्या कागदात चिनी श्युआन कागदाचं नाव पहिलं. त्याला सर्रास राइस पेपर म्हणतात, पण तो तांदळाचा नसतो. एका झाडाच्या सालीचे धागे आणि भाताचा पेंढा यांपासून तो बनतो. कच्च्या श्युआनवर तुरटी आणि सरसाचा लेप नसतो, त्यामुळे शाई टेकताक्षणी आत शिरते आणि चहूकडे पसरते. लेप दिलेला पक्का श्युआनही मिळतो. तो बारीक कामाला चांगला, आपल्याला इथे त्याचा फारसा उपयोग नाही. न पिणाऱ्या कागदात जलरंगाचा कागद येतो. त्याला साइझिंग, म्हणजे शाई आत शिरू न देणारा लेप असतो, शाई वरच राहते, कड स्वच्छ येते, आणि कोरडा कुंचला ओढला की कागदाचा खरखरीतपणा रेषेत उतरतो. 300 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) घेतला तर पाण्याने फार फुगत नाही.

कच्च्या कागदाची एक गंमत आधीच सांगून ठेवते, कारण ती कळली नाही तर पुढे गोंधळ उडतो. पहिला फटकारा कागदात मुरला की त्यातला सरस तिथले धागे थोडेफार बंद करतो. त्यावरून दुसरा फटकारा मारला तरी पहिल्याची कड झाकली जात नाही. दोन्ही जिथे भिडतात तिथे एक बारीक फिकट धार उरते आणि पहिलाच पुढे आहे असं दिसतं. म्हणजे तैलरंगाच्या उलटा हिशेब. जे जवळ दिसायला हवं ते आधी मारायचं.

शाई म्हणजे काजळी आणि सरस. कांडी असेल तर दगडावर थोडं पाणी घेऊन हलक्या हाताने गोल गोल उगाळायची, 10 ते 15 मिनिटं, घाई न करता. पाइनच्या लाकडाच्या काजळीची शाई पातळ केल्यावर किंचित निळसर दिसते, तेलाच्या काजळीची किंचित तपकिरी. बाटलीतली शाई चालते, सरावाला तर तीच बरी. दोन गोष्टी मात्र टाळा. फाउंटन पेनची शाई साधारणपणे विरघळलेल्या रंगाची असते, ती उजेडात फिकी पडते. आणि शेलॅक, म्हणजे लाख घातलेली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक चांगल्या कुंचल्यात वाळली तर केस दगडासारखे होतात. ती वापरायची तर वेगळा, टाकाऊ कुंचला ठेवा.

कुंचले तीन पुरेत: शेळीच्या केसांचा मोठा मऊ, वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या लहान प्राण्याच्या केसांचा मध्यम ताठ, आणि एक रुंद चपटा. मऊ कुंचला खूप पाणी धरतो आणि हाताची प्रत्येक थरथर दाखवतो. ताठ कुंचला दाबला की परत उभा राहतो, त्यामुळे नवशिक्याला तो मैत्रीपूर्ण वाटतो. याशिवाय झिजलेला, केस फाकलेला एखादा जुना कुंचला फेकू नका. खडकाचा पोत त्याच्याइतका चांगला दुसरा कुणी देत नाही.

पाच वाट्या

शाईत पाच रंग असतात, असं चिनी चित्रकार फार पूर्वीपासून म्हणत आले. पाच लहान वाट्या घ्या. पहिलीत निव्वळ शाई. दुसरीत 1 भाग शाईला 2 भाग पाणी, तिसरीत 1 ला 8, चौथीत 1 ला 20, पाचवीत 1 ला 50. आकडे कमीजास्त झाले तरी बिघडत नाही. शेजारशेजारच्या दोन वाट्यांत फरक डोळ्याला कळला पाहिजे, एवढंच बघायचं.

तुमच्या कागदाच्या एका पट्टीवर पाचही छटांचा एकेक फटकारा मारा आणि पट्टी पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर सगळ्या छटा फिकट झालेल्या दिसतील, कच्च्या कागदावर तर बऱ्याच. ओल्या कागदाकडे बघून "फार काळं झालं" म्हणून हात आखडणं ही सुरुवातीची सर्वांत सामान्य चूक. वाळलेली पट्टी समोर टांगून ठेवली की ती आपोआप कमी होते.

आता एक भरणी शिकून घ्या, पुढे सतत लागेल. मऊ कुंचला आधी चौथ्या वाटीत पूर्ण भिजवा आणि वाटीच्या काठाला निथळवा. मग अर्धा भाग तिसरीत बुडवा. शेवटी फक्त टोक पहिलीत टेकवा. कुंचला आडवा पाडून एकच रुंद फटकारा मारला की टोकाच्या बाजूला गडद कड आणि टाचेच्या, म्हणजे दांड्याकडच्या बाजूला धुकं, असा अख्खा डोंगराचा खांदा एका हालचालीत उतरतो. कुंचल्यात छटा आधीच रचून ठेवायच्या आणि हाताने फक्त त्या उलगडायच्या, ही कल्पना पटली की कागदावर मागाहून छाया भरण्याची सवय सुटते.

हात कुठून हलतो

हे मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. रेषेची लांबी आणि तिचा स्वभाव शरीराच्या कोणत्या सांध्यातून ती निघते यावर ठरतो. बोटांतून निघालेली रेषा दोन-तीन सेंटिमीटरची, लिखाणासारखी. मनगटातून निघालेली वळणदार, पंख्यासारखी, एका केंद्राभोवती फिरणारी. कोपरातून लांब आणि बरीच सरळ. खांद्यातून निघालेली रेषा अख्खा कागद ओलांडते आणि तिला वजन असतं, कारण मागे अर्धं शरीर असतं.

लिहिण्याच्या सवयीमुळे आपण सगळं बोटांनी करायला जातो. म्हणून उभं राहा. टेबल कमरेच्या उंचीला हवं, कागदाखाली लोकरीची घोंगडी किंवा जाड नमदा. कुंचला दांड्याच्या मध्यावर किंवा त्याहून वर धरा; मनगट टेबलाला टेकवू नका. पहिले काही दिवस हात लटपटेल. लटपटू द्या. ती थरथर जबरदस्तीने दाबली की रेषा ताठर होते. हात सरावला की थरथर स्वतःहून कमी होते आणि जी उरते ती तुमच्या रेषेची ओळख असते.

दुसरी गोष्ट कुंचल्याच्या टोकाची. कुंचला उभा धरून ओढला की टोक रेषेच्या मधोमध चालतं, दोन्ही कडा सारख्या येतात, रेषा गोल, भरीव, तारेसारखी वाटते. कुंचला आडवा पाडून ओढला की टोक एका कडेला राहतं. ती कड स्वच्छ आणि दुसरी फाटकी येते. पहिली रेषा हाडाची, दुसरी मांसाची, असं मी मनाशी म्हणते. सहाव्या शतकातल्या शिए ह या चिनी चित्रसमीक्षकाने चित्रकलेची सहा तत्त्वं मांडली, त्यात प्राणमय चैतन्याच्या लगेच खाली, दुसऱ्या क्रमांकावर, कुंचल्याच्या "हाडाची पद्धत" ठेवली होती. कुंचला हातात घेऊन महिना झाला की हा क्रम का, ते बोटांना समजतं.

सरावासाठी वर्तमानपत्राचा कोरा कागद किंवा साधा कार्ट्रिज पेपर घ्या. रोज 20 पानं, जास्त नको. पाच पानांवर फक्त खांद्यातून आडव्या रेषा, एका श्वासाला एक, श्वास सोडताना. पाच पानांवर त्याच रेषा, पण मधे एकदा दाब वाढवून पुन्हा उचलायचा. पाच पानांवर मनगटाच्या कमानी. उरलेल्या पाचांवर एकच काम: भरलेला कुंचला वेगाने ओढत न्यायचा, शाई संपेपर्यंत आणि संपल्यावरही.

एक रेषा जवळून

त्या शेवटच्या रेषेजवळ थांबून भिंगाने बघा. सुरुवातीला, जिथे कुंचला टेकला, तिथे एक काळा ठिपका आहे. कच्चा कागद असेल तर त्याभोवती फिकट पाण्याचं वलय. म्हणजे हात टेकल्यावर क्षणभर रेंगाळला. पुढे रेषा काळीभोर आणि तुकतुकीत, कडा बंद. साधारण मध्यावर कडेला बारीक पांढऱ्या चिरा पडायला लागतात. तिथून केस सुटे होतात आणि रेषा दहा-बारा समांतर धाग्यांमध्ये फाटते, मधून कागद झळकत राहतो. या कोरड्या, उडत्या भागाला चिनी सुलेखनात "उडतं पांढरं" म्हणतात. शेवटी धागे एकेक करून संपतात. जो सर्वांत शेवटी संपतो तो हात कुठे उचलला ते सांगतो.

एवढ्या एका रेषेत तीन गोष्टी वाचता येतात: वेग, दाब आणि पाणी. वेग वाढला की कोरडेपणा येतो, मंदावला की शाई पसरते. दाब वाढला की रुंदी वाढते आणि कुंचल्याच्या पोटातलं पाणी बाहेर येतं. पाणी जास्त असेल तर वेगही रेषा कोरडी करू शकत नाही. तिन्ही एकदम सांभाळायचा प्रयत्न करू नका. आठवडाभर पाणी तेच ठेवून फक्त वेग बदला, मग वेग तोच ठेवून पाणी. तिसऱ्या आठवड्यात दाब. हे कंटाळवाणं वाटेल, पण यानंतर तुम्हाला हवी ती रेषा मागवता येते, नशिबावर सोडावी लागत नाही.

टेकणं आणि उचलणं यांवर वेगळं लक्ष द्या. विमान उतरतं तसा कुंचला आधीपासून हलत असतानाच कागदाला भिडला की सुरुवात टोकदार येते. आधी उलट दिशेला किंचित टेकवून मग वळवला की सुरुवात गोल, दडलेली येते. पहिली वाऱ्याची, दुसरी खडकाची. शेवटाचंही तसंच: झटकून उचललेली रेषा कागदाबाहेरही चालत राहते, थांबून उचललेली तिथेच बसते.

बाहेर जाऊन बघायचं, आणि क्रियापदं लिहायची

अमूर्त करायचं म्हणून निसर्ग बघायची गरज नाही, हा समज फार नुकसान करतो. उलट इथे जास्त बघावं लागतं, कारण तपशिलाचा आधार नसतो. नुसत्या हावभावांच्या रेषांचा साठा आठ-दहा दिवसांत संपतो आणि हात त्याच चार हालचाली फिरवून फिरवून करतो. नवी हालचाल बाहेरूनच आणावी लागते.

वही आणि पेन्सिल घेऊन एका जागी अर्धा तास बसा. चित्र काढू नका. समोर जे आहे त्याची क्रियापदं लिहा. मी एकदा पावसानंतर एका उघड्या उतारासमोर बसले होते. वहीत उतरलं ते असं: कातळ पुढे झुकतो. पाणी तीन ठिकाणी सुटतं, एका ठिकाणी अडतं, मग एकदम पडतं. गवत एकाच बाजूला चपापून निजलंय. ढग उतार पुसतोय. झाडं उभी नाहीत, लटकली आहेत.

मग उभं राहून प्रत्येक क्रियापद रिकाम्या हाताने हवेत करून बघा. "अडतं, मग एकदम पडतं" हे हाताने केलं तर कोपर आधी आवळतं, खांदा किंचित वर जातो आणि मग हात सुटतो. आजूबाजूच्या लोकांची पर्वा करू नका. ही हालचाल तीन-चार वेळा केली की ती शरीरात बसते आणि घरी आल्यावर फोटोची गरज उरत नाही. मी तर फोटो काढतच नाही. फोटो समोर असला की हात परत कडेवर जातो.

जुन्या चिनी चित्रकारांनी हे काम शतकानुशतकं केलेलं आहे. डोंगराचा पोत दाखवणाऱ्या फटकाऱ्यांना ते "त्सुन" म्हणतात आणि त्यांची नावंच हालचालीची किंवा स्पर्शाची आहेत. दहाव्या शतकातल्या दोंग युआनशी जोडला जाणारा तागाच्या धाग्यांसारखा त्सुन: लांब, सैल, खाली वाहणाऱ्या रेषा, मातीच्या गोल टेकड्यांसाठी. ली तांगचा कुऱ्हाडीच्या घावासारखा: कुंचला आडवा पाडून झटक्यात ओढलेला, कडक कातळासाठी. फान क्वानचा पावसाच्या थेंबांसारखा: लहान, दाट, टोचल्यासारखे ठिपके. हे तिन्ही एकेक पानभर करून बघा, डोंगर न काढता, नुसते. पान भरल्यावर जे दिसतं ते आधीच अमूर्त असतं. त्यातून स्वतःचे दोन-तीन त्सुन तयार करायचे. माझ्या त्या उताराच्या गवतासाठी मी केस फाकलेला कुंचला उलट्या दिशेने ढकलला होता, ओढला नव्हता. केस वाकून मागे फिरले आणि गवत चपापलं.

रिकामी जागा आधी ठरवा

कागद समोर आला की पहिला प्रश्न "कुठे काढू" हा नसावा. पहिला प्रश्न: कुठे काढणार नाही? धुकं, पाणी आणि आकाश, तिन्ही एकाच पांढऱ्या कागदाचे होतात. शेजारची रेषा ठरवते कोणता तुकडा काय आहे. आडवी, संथ, फिकट रेषा खाली आली की वरचं पांढरं पाणी होतं. फाटक्या कडेचा डाग वर आला की खालचं पांढरं धुकं होतं.

अकराव्या शतकातल्या क्वो शी या चिनी चित्रकाराने डोंगर बघण्याची तीन अंतरं सांगितली आहेत: पायथ्यातून वर शिखराकडे, समोरून डोंगराच्या मागे आत, आणि जवळच्या टेकडीवरून समोर दूरवर. अमूर्त चित्रातही यांतलं एक निवडून ठेवा. पहिल्यासाठी कागद उभा, हालचाल खालून वर. दुसऱ्यासाठी एकामागे एक थर, पुढचे गडद, मागचे फिकट. तिसऱ्यासाठी कागद आडवा आणि भरपूर पांढरं. निवड केली की हात भरकटत नाही.

दोन अंगुळं रुंदीच्या चौकटीत पेन्सिलीने फक्त डागांची जागा आणि मुख्य दिशा यांची सहा-सात लहान टिपणं करा. त्यांतलं एक उचला. मोठ्या कागदावर पेन्सिल लावू नका. पेन्सिलीची रेघ दिसली की कुंचला तिच्यामागे गुलामासारखा चालतो.

प्रत्यक्ष चित्र

समजा कच्चा श्युआन कागद आहे, उभा, साधारण 35 बाय 70 सेंटिमीटर. वर दगडाची वजनं. पाच वाट्या, स्वच्छ पाण्याचं भांडं, चिंधी, सगळं उजव्या हाताशी. डावखुरे असाल तर डाव्या. शोधत बसायला लागलं की श्वास तुटतो. क्रियापद एकच निवडा. आपण "अडतं, मग एकदम पडतं" घेऊ.

दोन मिनिटं काही करू नका. कोरड्या कुंचल्याने कागदाच्या बोटभर वरून हालचाल करा, दोनदा.

पहिला फटकारा सर्वांत जड असतो आणि तो सर्वांत गडद, सर्वांत जवळचा ठेवायचा. कच्च्या कागदाचा उलटा हिशेब आठवा. मऊ कुंचला वर सांगितल्यासारखा तीन छटांनी भरून, कागदाच्या डाव्या बाजूला, वरून एक तृतीयांशावर आडवा टेकवा. खांद्यातून उजवीकडे रेटा आणि मध्याच्या जरा आधी थांबा. थांबा म्हणजे खरंच थांबा, एक पूर्ण सेकंद. शाई तिथे साचेल, वलय फुटेल. हीच ती अडण्याची जागा. मग कुंचला उभा करा आणि मनगट सैल सोडून एका दमात खाली ओढा. वेग वाढत जाऊ द्या. अर्ध्यावर रेषा फाटेल, उडतं पांढरं दिसायला लागेल. तळापर्यंत नेऊ नका. तळापासून वीतभर आधी झटकून उचला. पाणी पुढे पडत राहतं ते बघणाऱ्याच्या डोळ्यात.

इथपर्यंत दहा सेकंदही झालेले नसतात. आता कुंचला खाली ठेवा आणि बघा. पडण्याची रेषा ज्या बाजूला झुकली, तिच्या विरुद्ध बाजूला काहीतरी थोपवणारं लागेल. ताठ कुंचला, दुसरी वाटी, बऱ्यापैकी निथळवलेला. कातळासाठी तीन किंवा चार घाव, कुऱ्हाडीचे, आडव्या टोकाने. ते सारख्या लांबीचे आणि सारख्या अंतरावर येत असतील तर लगेच थांबा. सारखेपणा हा हाताचा आळस आहे आणि तो लांबूनही दिसतो.

पहिला डाग अजून ओला असताना त्याच्या वरच्या कडेला पाचव्या वाटीतल्या जवळजवळ पाण्यासारख्या शाईने रुंद चपटा कुंचला हलकेच लावा. गडद शाई त्या पाण्यात चढत जाईल आणि ढग उतार पुसायला लागेल. ओल्या शाईत दुसरी छटा घालून तिची कड मोडण्याचं हे तंत्र. ते साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत करावं लागतं, नाहीतर कड बसून जाते. ही पसरण तुमच्या हातात नसते. पाण्याचं प्रमाण आणि वेळ मात्र असते, आणि तेवढं पुरतं.

शेवटी मोजमापाची खूण. जपानी चित्रकार सेश्शूने 1495 मध्ये केलेलं मोडलेल्या शाईचं एक निसर्गचित्र तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पहिल्या नजरेला नुसते डाग: वर फिकट डोंगर, खाली गडद ढवळाढवळ. मग तळाशी छपराच्या दोन-चार सरळ रेषा आणि पाण्यावर एक नाव दिसते, आणि तोच डाग एकदम प्रचंड कडा होतो. दोन-चार बारीक, शांत रेषांनी सगळ्या आवेशाला आकारमान दिलं. आपल्या चित्रात नाव किंवा घर हवंच असं नाही. तळाच्या पांढऱ्यात चौथ्या वाटीची एक आडवी, टोकावर चाललेली संथ रेषा पुरते. तिने वरचं पडणं किती उंचावरून आहे ते कळतं.

मग हात मागे घ्या. एकूण वेळ चार-पाच मिनिटं. आणखी एक रेषा घालावीशी वाटली तर कुंचला धुवायला जा. परत येईपर्यंत ती इच्छा टिकली तरच घाला. मी बहुतेकदा घालत नाही.

याच क्रियापदावर लगेच दुसरा कागद घ्या, मग तिसरा. एका बैठकीत सहा ते आठ. पहिला सहसा घाबरलेला असतो, दुसरा-तिसरा पहिल्याची नक्कल करतो, चौथ्या-पाचव्याला हात विसरतो आणि काहीतरी घडतं. त्यानंतर दमणूक दिसायला लागते.

अपघात आणि आवेश

चीनमधल्या थांग राजवटीच्या काळातल्या वांग मो या चित्रकाराबद्दल नोंद आहे की तो दारू पिऊन, हसत-गात, रेशमावर शाई उधळायचा. ही कथा सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. नोंदीचा पुढचा भाग जास्त कामाचा आहे: उधळलेल्या शाईचे आकार बघून तो त्यांतून डोंगर, खडक, ढग, पाणी घडवायचा. म्हणजे उधळणं अर्धं काम आणि वाचणं अर्धं.

शिंतोडे म्हणूनच जपून वापरा. कुंचला दुसऱ्या दांड्यावर आपटून उडवलेले ठिपके सगळ्या चित्रभर सारखे पडतात आणि सगळ्या चित्रांत सारखेच दिसतात. हालचालीतून आपोआप उडालेला एखादा शिंतोडा मात्र ठेवा. त्याची दिशा रेषेच्या दिशेशी जुळते, म्हणून तो खोटा वाटत नाही. ठिपक्यांचं स्वतःचं सामर्थ्य बघायचं असेल तर शीताओ या चिनी चित्रकाराचं 1685 मधलं ठिपक्यांनी गजबजलेलं लांब चित्र शोधून बघा. त्यातला प्रत्येक ठिपका जाणूनबुजून टेकवलेला आहे.

वेग म्हणजे आवेश, हा दुसरा घोटाळा. सगळ्याच रेषा झपाट्याने मारल्या तर एकही वेगवान दिसत नाही. संथ रेषेशेजारीच झपाटा कळतो. चित्र ओरडतंय असं वाटलं तर पुढच्या कागदावर निम्म्या रेषा दुप्पट वेळ घेऊन मारा.

चुकलेल्या रेषेवरून दुसरी रेषा फिरवून ती सुधारायची नाही. कच्चा कागद ते लपवतही नाही, दोन्ही रेषा दिसतात आणि मधली संकोचाची धारही. चुकीची रेषा कुठे जायला निघाली होती ते बघा आणि पुढची रेषा तिला उत्तर म्हणून मारा. नाही जमलं तर कागद बाजूला.

वाळल्यावर

कागद सपाट वाळू द्या, लगेच उचलू नका; ओला श्युआन स्वतःच्या वजनाने फाटतो. कुंचले कोमट किंवा साध्या पाण्यात मुळापर्यंत धुवा, साबण नको, टोक बोटांनी जुळवून केस खाली करून टांगा.

चित्र त्या दिवशी पारखू नका. हालचाल अजून अंगात असते, त्यामुळे सगळंच चांगलं वाटतं किंवा सगळंच वाईट. दोन-तीन दिवसांनी बैठकीतले सगळे कागद भिंतीला लावून लांबून बघा, मग उलटे करून बघा. उलटं केल्यावर डोंगर नाहीसा होतो आणि फक्त वजन उरतं; तेव्हा एखाद्या कोपऱ्यातला जास्तीचा काळा डाग लगेच टोचतो. पुठ्ठ्याचे दोन काटकोन घेऊन चौकट लहानमोठी करत फिरवा. कधी अख्ख्या कागदातला हातभर तुकडाच चित्र असतो. तसं असेल तर कापा, हळहळू नका.

कच्चा कागद वाळल्यावर सुरकुततो. तो नीट बसवायचा तर मागून खळीने दुसरा कागद चिकटवावा लागतो, आणि ते वेगळं कौशल्य आहे. पहिली काही चित्रं अनुभवी माणसाकडून करून घ्या. शाई कांडीची आणि नीट वाळलेली असेल तर सहसा पाण्याने सुटत नाही, पण बाटलीतल्या काही शाया सुटतात, म्हणून आधी एका रद्द कागदावर ओलं बोट फिरवून बघा.

ठेवलेल्या आणि रद्द केलेल्या, दोन्ही कागदांच्या मागे पेन्सिलीने तारीख, कागदाचा प्रकार आणि त्या दिवशीचं क्रियापद लिहा. माझ्या कपाटात "अडतं, मग एकदम पडतं" लिहिलेले एकतीस कागद आहेत, तीन वेगवेगळ्या पावसाळ्यांतले. शेवटच्या काहींमध्ये कातळ नाही, गवत नाही. एक थांबलेला काळा डाग आहे आणि त्यातून सुटलेली एक रेषा.